विहीर एक, वह्या दोन

परतीचा पाऊस ओसरला की महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांत गावोगावी एकच हिशेब सुरू होतो: यंदा विहिरींना पाणी किती आले आणि रब्बीला ते कोणत्या पिकापर्यंत पुरेल. ज्या गावात भूजलाचा एखादा अभ्यास चालू आहे आणि पाणलोटाचे काम करणारी एखादी संस्थाही आहे, तिथे या हिशेबाच्या दोन वह्या असतात. संशोधकाच्या वहीत विहिरीचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली आणि खडकाचे थर लिहिलेले असतात. संस्थेच्या कार्यकर्त्याच्या वहीत त्याच विहिरीवर किती भावांचा हिस्सा आहे, वीज कोणत्या वेळेला येते, मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात किती बोअर घेतले गेले आणि त्यांतले किती कोरडे गेले, याच्या नोंदी असतात. दोन्ही वह्या खऱ्या आहेत आणि एकीवाचून दुसरी अपुरी आहे. तरीही त्या शेजारी-शेजारी उघडून बसण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि आला तरी पुष्कळदा दोन्ही बाजू नाराज होऊन उठतात. असे का होते, हे भूजलाचे उदाहरण धरून समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

इथे 'संशोधक' म्हणजे विद्यापीठात, आयआयटीत किंवा संशोधन संस्थेत काम करणारी व्यक्ती, जिचे काम शोधनिबंध, प्रबंध आणि अहवाल यांतून मोजले जाते. 'क्षेत्रात काम करणारे' या शब्दांत स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, कृषी आणि जलसंधारण विभागांचे अधिकारी, सरपंच, जलसुरक्षक असे बरेच जण येतात. त्यांचे काम बांध झाला की नाही आणि मे महिन्यात टँकर लागला की नाही यावर मोजले जाते. शाश्वत विकासाच्या क्षेत्रात या दोघांनी मिळून संशोधन करावे, ही कल्पना जुनी आहे. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये 'कृती-संशोधन' ही संज्ञा मांडली, म्हणजे परिस्थिती बदलता बदलता तिचा अभ्यास करायचा. पुढे १९७० च्या दशकात कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी ज्यांचा अभ्यास होतो त्यांनीच अभ्यासात भाग घ्यावा असा आग्रह धरला, आणि भारतात राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये 'प्रिया' ही संस्था याच विचारातून उभी केली. म्हणजे कल्पनेला विरोध असा कोणाचा नाही. अडचणी सुरू होतात त्या काम हाती घेतल्यावर.

खडकाने लावलेली अट

भूजलाच्या कामात ही भागीदारी टाळता का येत नाही, हे आधी पाहू. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. गंगेच्या मैदानात गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर आहेत आणि त्यांत पाणी स्पंजासारखे भरून राहते. काळ्या पाषाणात तशी सलग जागा नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत, आणि हे थर दर काहीशे मीटरवर बदलतात. एका विहिरीला भरपूर पाणी आणि दोन शेते ओलांडून खोदलेली दुसरी विहीर कोरडी, हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही. असा खडक समजायला भूवैज्ञानिक लागतो. पण त्याला गावातील प्रत्येक विहीर तपासता येत नाही, आणि ज्यांनी त्या विहिरी खणल्या, खोल केल्या आणि चाळीस वर्षे उपसल्या त्यांच्या आठवणीत त्या खडकाचा जेवढा तपशील असतो, तेवढा कोणत्याही नकाशात नसतो. म्हणून दोघांनी एकत्र बसणे ही या खडकाचीच अट आहे.

आता पहिली खरी अडचण आकड्यांतून पाहू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. खडकात पाण्याची पातळी एक मीटरने वाढली म्हणजे एक मीटर पाणी साठले असे होत नाही. साठते आणि उपसता येते ते फक्त भेगा-छिद्रांतले पाणी. भूजलाच्या मूल्यांकनात झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टसाठी हे प्रमाण सामान्यतः १ ते ३ टक्के धरतात. उदाहरणादाखल समजा, एका गावात विहिरींखालचे क्षेत्र ३०० हेक्टर आहे आणि पावसाळ्यानंतर पातळी सरासरी ४ मीटरने वाढली. प्रमाण १ टक्का असेल तर उपसण्याजोगे पाणी १ लाख २० हजार घनमीटर, म्हणजे कार्यकर्त्यांच्या बोलीत १२० टीसीएम (हजार घनमीटर). प्रमाण २ टक्के असेल तर २४० आणि ३ टक्के असेल तर ३६०. हरभऱ्याला दोन पाळ्यांसाठी हेक्टरी १२०० घनमीटर पाणी लागते असे धरले, तर पहिल्या हिशेबाने १०० हेक्टर, दुसऱ्याने २०० आणि तिसऱ्याने सगळेच्या सगळे ३०० हेक्टर भिजतात.

संशोधकाच्या दृष्टीने '१ ते ३ टक्के' हे अगदी प्रामाणिक उत्तर आहे. खडक बदलता आहे, चाचण्या थोड्या झाल्या आहेत, तेव्हा त्याने एकच ठाम आकडा सांगितला तर ते खोटे ठरेल. कार्यकर्त्याच्या दृष्टीने हे उत्तर जवळजवळ निरुपयोगी आहे. दोनशे माणसांच्या ग्रामसभेत उभे राहून 'शंभर हेक्टर करा किंवा तीनशे करा' असे त्याला सांगता येत नाही, आणि त्याने मधला आकडा उचलून सांगितला आणि फेब्रुवारीत विहिरी तळाला गेल्या, तर त्याची वर्षानुवर्षे कमावलेली पत एका हंगामात जाते. संशोधकाला मात्र पुढच्या वर्षी आपल्या निबंधात 'अंदाजातील त्रुटी' या मथळ्याखाली चार ओळी लिहिता येतात. एकाच आकड्याची चूक दोघांना सारखी महाग पडत नाही, आणि ही विषमता उघडपणे बोलली जात नाही. कार्यकर्ता मग संशोधकाला 'नुसता पुस्तकी' म्हणतो, संशोधक कार्यकर्त्याला 'घाईचा' म्हणतो. पण एकाला अनिश्चितता लिहून मोकळे होता येते आणि दुसऱ्याला ती अंगावर घ्यावी लागते, इतकीच या भांडणामागची गोष्ट असते.

यातून वाट आहे, पण ती एकट्याला काढता येत नाही. विहीर उपसून घेतलेल्या एका चाचणीने हे प्रमाण नेमके कळत नाही, पण गावाने दोन-तीन वर्षे आपल्या विहिरींची पातळी, पेरलेले क्षेत्र आणि उपशाचे तास नोंदवले तर १ ते ३ टक्क्यांचा पट्टा बराच अरुंद होतो. या नोंदी गावच ठेवू शकते आणि त्यांचा अर्थ लावायला भूवैज्ञानिक लागतो. म्हणजे ज्या अनिश्चिततेवरून भांडण होते, तिचे उत्तर दोन्ही वह्या एकत्र ठेवूनच मिळते.

दुसरी अडचण मापाच्या आकाराची आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली आहे. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका पाणलोटाच्या वाट्याला सरासरी २०० चौरस किलोमीटर येतात. महाराष्ट्रात गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत, म्हणजे एका गावाच्या वाट्याला सरासरी सात-आठ. एका पाणलोटात अशी पंचवीस-तीस गावे बसतात, आणि तेवढ्या सगळ्यांसाठी काही मोजक्या निरीक्षण विहिरींचे आकडे असतात. तालुक्याची स्थिती कळायला ते पुरेसे आहेत. 'माझ्या गावात कांदा करू की हरभरा' या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही, आणि ते मिळावे म्हणून ती व्यवस्था उभीच केलेली नव्हती. उलट पाणी गावाची शीव मानत नाही. ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमा-खर्चाचा हिशेब, गावापुरता केला तर वरच्या अंगाच्या गावातून येणारे आणि खालच्या अंगाला जाणारे पाणी त्यात धरलेच जात नाही. संशोधक पाणलोट सोडायला तयार नसतो कारण निसर्गाचे माप ते आहे. कार्यकर्ता गाव सोडायला तयार नसतो कारण ठराव, निधी आणि जबाबदारी गावाच्या नावाने असतात.

इथे महाराष्ट्रात झालेले एक काम लक्षात घेण्यासारखे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजेच 'पोकरा'त, पाच हजारांहून अधिक गावे घेतली गेली आणि त्या गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी राज्याच्या यंत्रणेबरोबर बसून विकसित केली. पाऊस, जमिनीचा प्रकार, उतार आणि पिके यांवरून पावसाचे किती पाणी वाहून जाते, किती मुरते आणि पिकाला किती कमी पडते, याचा अंदाज गावपातळीवर काढणारी ही पद्धत होती. वैज्ञानिकदृष्ट्या तिच्यापेक्षा बारकाईची प्रतिमाने उपलब्ध आहेत. पण कृषी सहायकाला तालुक्याच्या ठिकाणी बसून समजेल आणि गावात सांगता येईल एवढीच गुंतागुंत ठेवणे, हा या कामातला कठीण भाग असतो. संशोधनाच्या जगात या प्रकारच्या काटछाटीला फारशी प्रतिष्ठा नाही. मला ती मिळायला हवी असे वाटते, कारण काय सोडले तरी चालेल हे ठरवायला विषयाची समज अधिक खोल लागते.

घड्याळे आणि पैसा

वेळेचा प्रश्न वरवर साधा दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. त्यातले पहिले वर्ष अभ्यासक्रम आणि विषयनिश्चितीत जाते, क्षेत्रकार्याला एक किंवा दोन पावसाळे मिळतात आणि निबंध छापून येईपर्यंत पुन्हा वर्ष-दोन वर्षे लोटतात. गावाचे घड्याळ पावसाबरोबर चालते: मे संपण्यापूर्वी बांधबंदिस्ती व्हायला हवी आणि ऑक्टोबरात पिकाचा निर्णय. सरकारी यंत्रणेचे तिसरेच, ३१ मार्चचे घड्याळ आहे. संस्थेचा प्रकल्प देणगीदाराच्या करारावर चालतो. दुष्काळी पट्ट्यात पावसाचा चढउतार एवढा असतो की दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून पाणी वाढले ते कामामुळे की चांगल्या पावसामुळे, हे सांगणे फार अवघड आहे. त्यासाठी आठ-दहा वर्षे सलग मोजावे लागते. एवढा काळ कोणाच्याच करारात नसतो. परिणामी ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज आहे, ती म्हणजे त्याच विहिरींचे वर्षामागून वर्ष मोजमाप, ती कोणाचीच नोकरी नसते.

आंध्र प्रदेशातील 'शेतकरी-व्यवस्थापित भूजल' प्रकल्पाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या साहाय्याने या शतकाच्या पहिल्या दशकात सात दुष्काळी जिल्ह्यांत हे काम झाले. शेतकरी स्त्री-पुरुषांनी स्वतः पाऊस मोजला, बोअरची पातळी आणि उपसा मोजला, आणि रब्बीपूर्वी एकत्र जमून पिकांचा पाणी-ताळेबंद मांडला. विशेष म्हणजे कोणावर बंदी घातली नव्हती. आकडे सर्वांसमोर ठेवले की शेतकरी आपणहून कमी पाण्याच्या पिकांकडे वळतील, हा त्यामागचा विचार होता. त्याचे पुष्कळ कौतुक झाले आणि देशभर त्याचे अनुकरणही झाले. मात्र प्रकल्पाचा निधी थांबल्यावर मोजमाप आणि बैठका कितपत टिकल्या, यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही. मला त्यातून दिसते ते असे की लोक मोजायला शिकतात, अगदी नेटकेपणाने शिकतात, पण मोजत राहण्यासाठी कोणीतरी त्यांच्या आकड्यांचा दरवर्षी काहीतरी उपयोग करावा लागतो.

पैशांची बाजू त्याहून रूक्ष, पण तितकीच निर्णायक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. या निधीतून बंधारा बांधणे सोपे आहे, कारण त्याचा फोटो काढता येतो. त्या बंधाऱ्याने काय साधले हे पाच वर्षे मोजण्यासाठी माणूस ठेवणे कठीण जाते. परदेशी देणगीच्या बाबतीत, त्यासाठीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, एका संस्थेला मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. पूर्वी संशोधन संस्थेला अनुदान मिळाले की त्यातला क्षेत्रकार्याचा हिस्सा ती स्थानिक संस्थेला देत असे. आता परदेशी निधीच्या प्रकल्पांत तो मार्ग बंद झाला आहे आणि छोट्या संस्था भागीदाराऐवजी पुरवठादार होऊन बसण्याचा धोका वाढला आहे. प्राध्यापकांच्या बाजूनेही गणित असेच आहे. यूजीसीने २०१० मध्ये पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली, तिच्यात शोधनिबंधांना ठरलेले गुण होते. ग्रामसभेत मराठीतून केलेल्या मांडणीला किंवा तालुक्याच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या बारा पानी टिपणाला त्या तोडीचे स्थान नव्हते. पुढे नियम बदलत गेले, पण निबंध हेच मुख्य नाणे राहिले. एखादी तरुण प्राध्यापिका चार वर्षे एका खोऱ्यात राहून काम करते आणि तिची पदोन्नती मागे पडते, हे पाहिल्यावर तिच्या विद्यार्थ्यांनी काय धडा घ्यावा?

शिरपूरचा वाद

मतभेद कसे चिघळतात हे पाहायला धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे उदाहरण उपयोगी आहे. भूजल यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथे नाल्यांचे रुंदीकरण आणि खोलीकरण करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभी केली. विहिरींना पाणी वाढले, पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि 'शिरपूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला. पुढे २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण गावोगावी झाले. भूजलाच्या अनेक अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा असा होता की तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, तिथे खोल खणून पाणी मुरवण्याला जो अर्थ आहे तो उथळ मुरूम आणि त्याखाली सलग काळा पाषाण असलेल्या शिवारात राहत नाही. तिथे अति खोल खणले तर मुरमातले पाणीच नाल्यात झिरपून बाहेर येते, उघड्यावर वाफ होऊन जाते, आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी उलट घटते.

हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त होता असे माझे मत आहे. तरी तो ज्या वेळी आणि ज्या रीतीने पोहोचला त्याने संवाद बिघडला. कार्यकर्ते आणि गावकरी यांनी वर्गणी काढली होती, यंत्रे लावली होती, पहिल्या पावसात डोह भरलेले पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याच वेळी वर्तमानपत्रातून 'हे अशास्त्रीय आहे' असे वाचायला मिळाले. ज्याने घाम गाळला त्याला ही टीका आपल्या कष्टांवर वाटते. दुसरीकडे अभ्यासकांनाही आधी कोणी विचारले नव्हते. काम संपल्यावर 'मूल्यमापन' करायला बोलावले, तर दोष दाखवण्याखेरीज त्यांच्या हातात काय उरते? तंत्र चांगले की वाईट असा प्रश्न विचारला गेला. 'कोणत्या खडकात, किती खोलीपर्यंत' असा प्रश्न विचारला असता तर दोन्ही बाजूंकडे उत्तराचा अर्धा-अर्धा भाग होता, कारण खोदताना कुठे मुरूम संपला आणि कुठे पाषाण लागला, हे यंत्र चालवणाऱ्या पोराने स्वतः पाहिलेले होते. त्याच्याकडून ते टिपून घेतले असते तर राज्यभरच्या उथळ भूस्तराची केवढी मोठी नोंद तयार झाली असती, या विचाराने आजही हळहळ वाटते.

डेव्हिड कॅश हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेले एक निरीक्षण इथे लागू पडते. ज्ञान वापरात यायचे असेल तर ते शास्त्रशुद्ध असावे लागते, ज्याला वापरायचे त्याच्या प्रश्नाशी जुळणारे आणि वेळेवर आलेले असावे लागते, आणि ते मिळवण्याची रीत सर्वांना न्याय्य वाटावी लागते. अडचण अशी की एक गोष्ट वाढवायला गेले की दुसरी घटते. शास्त्रशुद्धतेसाठी आणखी दोन वर्षे मोजले तर वेळ निघून जाते. वेळ साधायला गेले तर पुरावा कच्चा राहतो. सर्वांना सामावून घ्यायला गेले तर दोन्ही लांबतात. शिरपूरनंतरच्या वादात अभ्यासकांनी पहिली कसोटी धरली, कार्यकर्त्यांनी दुसरी, आणि तिसरीकडे लक्ष द्यायला कोणीच मोकळे नव्हते.

नोंद कोणाची

आतापर्यंत मी दोनच पक्ष धरून लिहिले, पण तिसरा पक्ष म्हणजे ज्यांच्या विहिरी मोजल्या जातात ते लोक. 'समुदायाचा सहभाग' हे शब्द प्रत्येक प्रस्तावात असतात. प्रत्यक्षात सहभाग म्हणजे पुष्कळदा दोन तास प्रश्नावली भरून देणे एवढाच असतो. आकडे इंग्रजीत जातात, नकाशा परदेशी नियतकालिकात छापून येतो आणि गावाला तो पाहायलाही मिळत नाही. एखाद्या गावात तिसरा, चौथा अभ्यासगट पोहोचतो तेव्हा लोक ठरलेली उत्तरे देऊ लागतात, आणि त्या उत्तरांवर पुढचा निबंध उभा राहतो. नोंदी संवेदनशीलही असतात: कोणी किती बोअर घेतले, कोणत्या मोटारीचे वीजजोड अधिकृत नाहीत, हे कार्यकर्त्याला विश्वासाने सांगितलेले असते. ते जसेच्या तसे अहवालात आले तर ज्याने सांगितले तो गोत्यात येतो आणि कार्यकर्त्याला त्या वाड्यावर पुन्हा पाय ठेवता येत नाही.

या बाबतीत गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने घालून दिलेली रीत मला सर्वांत मोलाची वाटते. गावाचे नेते देवाजी तोफा यांचे हे गाव. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे साथी तिथे अनेक वर्षे जाऊन-येऊन राहिले. गावात 'अभ्यासगट' ही व्यवस्था आहे. जंगल, कायदा, मध काढण्याची पद्धत अशा विषयांवर ज्याला रस आहे तो गावकरी आणि बाहेरून आलेला जाणकार एकत्र बसतात, माहिती तपासतात, वाद घालतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतो. या विभागणीमुळे तज्ज्ञाला मोकळेपणे बोलता येते, कारण त्याच्या शब्दाने कोणावर काही लादले जात नाही. आणि गावाला मोकळेपणे ऐकता येते, कारण ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशा वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची शिदोरी होती. इथे प्रश्न गावाचा होता आणि बाहेरचा माणूस तो सोडवायला मदत करत होता. बहुतेक संयुक्त संशोधनात हे नेमके उलटे असते: प्रश्न प्रस्तावात आधीच लिहिलेला असतो, आणि भागीदार नंतर शोधले जातात.

प्रश्न लिहून झाल्यावर भागीदार शोधणे हीच मूळ चूक आहे, असे मला वाटते. आकड्यांवरचे, वेळेवरचे आणि श्रेयावरचे भांडण तिथूनच फुटते. गावाने विचारले असते तर प्रश्न बहुधा 'जलधराचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराचे, गुणधर्म काय' असा नसता, 'मार्चनंतर आमच्या वस्तीचाच आड का आटतो' असा असता. दोन्ही प्रश्नांचे शास्त्र एकच आहे. दुसऱ्यापासून सुरुवात केली तर जलधराचे गुणधर्म वाटेत कळतातच, आणि मोजमाप करायला वस्तीतल्या मुली स्वतःहून पुढे येतात, कारण हंडा त्यांनाच वाहावा लागतो.

दोन्ही बाजूंची भाषा जाणणारी माणसे मध्ये असली तर हे सोपे जाते. पुण्याची 'ॲक्वाडॅम' ही संस्था गेली पंचवीसहून अधिक वर्षे भूविज्ञान आणि गावपातळीवरचे काम यांच्यामध्ये उभी आहे आणि तिने देशभरच्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना खडक वाचायला शिकवले आहे. राजस्थान आणि गुजरातेत २०१२ पासून चाललेल्या एका भारत-ऑस्ट्रेलिया प्रकल्पात गावातल्याच तरुणांना 'भूजल जाणकार' म्हणून तयार केले गेले. ते दर आठवड्याला विहिरी मोजत आणि आकडे गावालाही समजावून सांगत. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेतही सात राज्यांत ग्रामपंचायतीचा पाणी-ताळेबंद लोकांनी मांडावा अशी अपेक्षा ठेवली गेली, आणि महाराष्ट्र त्या सातांपैकी एक होता. पण अशा मधल्या माणसांची जागा कोणत्याही संस्थेच्या वेतनश्रेणीत नीट बसत नाही. प्रकल्प संपला की ती शहरात दुसऱ्या कामाला लागतात आणि त्यांच्याबरोबर त्या खोऱ्याची ओळखही निघून जाते.

काम सुरू होण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या तर पुढचे बरेच टळते: नोंदींची मूळ प्रत ग्रामपंचायतीत राहील, व्यक्तीच्या नावानिशी काय छापायचे नाही, लेखक म्हणून कार्यकर्त्याचे नाव कधी येईल, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तर तो आधी कोणाला सांगायचा, किती दिवसांनी बाहेर न्यायचा. शेवटची अट सर्वांत नाजूक आहे. काम फसले असे दिसले तर संस्थेला देणगीदार गमावण्याची भीती असते, संशोधकाला मात्र तोच निष्कर्ष छापण्याजोगा वाटतो. आधी गावाला, मग संस्थेला, मग जगाला असा क्रम ठरवलेला असेल तर प्रतिकूल निष्कर्षही दुरुस्तीच्या कामी येतो.

एक प्रश्न मात्र अशा करारानेही सुटत नाही. वरच्या गावाने चर खणले, बांध घातले, नाले अडवले, मुरलेले पाणी आपल्या विहिरींतून उपसून बागायत वाढवली. सगळ्या मोजमापांत हे यशच दिसेल. खालच्या गावाच्या ओढ्याला मात्र पूर्वी दिवाळीपर्यंत पाणी असायचे ते दसऱ्यालाच सरते. संशोधकाला हे पाणलोटाच्या ताळेबंदात दिसू शकते. तो ते लिहू लागला तर ज्या गावाने त्याला तीन वर्षे घरच्यासारखे ठेवून घेतले, ज्या कार्यकर्त्याच्या दुचाकीवर बसून तो विहिरी मोजत फिरला, त्यांच्याच यशाला तो बाधा आणतो आहे असे होते. आणि खालचे गाव या भागीदारीत कुठेच नसल्यामुळे त्याच्या बाजूने विचारणारा कोणी नसतो. अशा वेळी ऑक्टोबरच्या ताळेबंदाच्या बैठकीला खालच्या गावातील चार माणसांना बोलावून त्यांचीही वही उघडायला लावणे एवढे तरी करता येते. पहिली बैठक कडवट होईल. तिथे संशोधकाला गप्प राहून आकडे फळ्यावर लिहावे लागतील, आणि कार्यकर्त्याला दोन गावांच्या मध्ये बसावे लागेल.